थरथर केव्हा येते? थळ घाटाच्या वाटेवरील एका प्रश्नाचा इतिहास

१/ पडघा मागे टाकून भरलेला ट्रक वाशिंदच्या दिशेने निघाला आहे. चालक गिअर बदलून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि आसनाखालून थरथर वर येते. पाय उचलला की ती नाहीशी होते. पुन्हा दाबला की पुन्हा हजर. रेल्वेच्या मोजणीने पुढे सुमारे ४० किलोमीटरवर कसारा आहे आणि तिथून थळ घाट सुरू होतो. या थरथरीचे निदान कसे करतात आणि ती रीत कोणकोणत्या वाटांनी आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजात पोहोचली, यावर आजचा थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ सुरुवात घाटापासून करू. कोकणपट्टीतील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. शूर्पारक (सोपारा) आणि कल्याण येथून निघालेल्या मालाला ती चढावीच लागे. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून चढणारा नाणेघाट सातवाहनकाळातील मोठा व्यापारी मार्ग होता. तिथल्या लेण्यात नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. पडघ्याजवळच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहणाऱ्यांनी हा रांजण एकदा अवश्य पाहावा.

३/ नाणेघाट बैलाच्या पाठीवरील ओझ्याचा आणि माणसाच्या डोक्यावरील भाऱ्याचा मार्ग होता. चाकाला तिथे वाव नव्हता. उत्तरेकडील थळ घाटातून जाणारी वाट मुंबई–आग्रा रस्त्याचा भाग झाली आणि एकोणिसाव्या शतकात ती गाडीवाटेच्या योग्यतेची करण्यात आली. ओझे बैलाच्या पाठीवरून चाकावर आले, तेव्हा चढाचा प्रश्नही बदलला. आता आख, तुंबा, आरे आणि धाव यांच्या मजबुतीला महत्त्व आले. आखाला वंगण वेळेवर न घातल्यास गाडी कुरकुरे आणि त्या आवाजावरून अनुभवी गाडीवान दुखणे ओळखे. यंत्राचे दुखणे कानाने जोखण्याची आपली सवय मोटारीहून जुनी आहे.

४/ या इतिहासात वाशिंदला एक छोटे पण ठळक स्थान आहे. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली. १८५४ मध्ये ती कल्याणला आणि १८५५ मध्ये वाशिंदला पोहोचली. पुढचा टप्पा आसनगावपर्यंत उघडण्यास १८६० साल उजाडले. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ या दिशेच्या लोहमार्गाचे टोक वाशिंद हेच होते. पलीकडे घाट आणि गाडीवाट, अलीकडे रूळ. बैलगाडीचे युग आणि वाफेचे युग इथे एकमेकांना समोरासमोर भेटले. आज फलाटावर उभे राहून कसारा लोकलची वाट पाहताना याची खूण दिसत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवले.

५/ रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोहोचली. या चढाचे प्रमाण ३७ला १ इतके तीव्र आहे: ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर उंची. तो चढण्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. कसाऱ्याला ती लागतात हे या मार्गाच्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. रेल्वेने चढाचे उत्तर बाहेरून जादा बळ आणून दिले. ट्रकला ही सोय नाही. त्याला सारे बळ आपल्याच एका इंजिनातून काढावे लागते आणि ते मागच्या चाकांपर्यंत स्वतःच वाहून न्यावे लागते. आपली थरथर या वाहून नेण्यात दडली आहे.

६/ मोटारवाहतूक या रस्त्यावर स्थिरावली ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. रस्त्यावरील मोटारी रेल्वेचे उत्पन्न खाऊ लागल्या आहेत, ही चिंता इतकी वाढली की १९३३ च्या मिचेल–किर्कनेस अहवालाचा तो मुख्य विषयच झाला. ज्या मार्गावर रूळ आणि रस्ता शेजारून धावतात, तिथे ही स्पर्धा किती थेट होती याची कल्पना वाशिंदकरांना सहज येईल.

७/ दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे जादा ट्रक विक्रीस निघाले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला. तो १९६९ पर्यंत चालला. करार संपला, ट्रकच्या तोंडावरील तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचे ‘टी’ हे अक्षर आले. घाटरस्त्यावरच्या मिस्त्रींच्या पिढ्या या गाड्यांवर हात बसवतच तयार झाल्या. योक, क्रॉस, फाउंडेशन, हाउसिंग हे शब्द याच काळात गॅरेजच्या मराठीत मुरले.

८/ आता यंत्राकडे वळू. बैलगाडीत चाक फक्त फिरते. ओढण्याचे काम बैल करतात. ट्रकमध्ये चाकालाच जमिनीला रेटा द्यायचा असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे चॅसीला बांधलेले, तर मागचा आख पाट्यांवर बसलेला. खड्डा आला की आख वर उसळतो, ओझे वाढले की चॅसी खाली बसते. दोघांमधील अंतर आणि कोन सतत बदलत राहतात. मध्ये सरळसोट, ताठ दांडा टाकला तर पहिल्याच खड्ड्यात तो मोडेल. फिरताही यावे आणि वाकताही यावे, असा सांधा तिथे हवा.

९/ आरंभीच्या अनेक मोटारींनी हा प्रश्न साखळीने सोडवला; सायकलसारखी साखळी आणि दातेरी चक्रे. साखळी धूळ खाई, ताणली जाई, तुटे. १८९८ मध्ये लुई रेनो याने आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी फिरता दांडा वापरला. १९०३ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी क्लॅरेन्स स्पायसर याने गाडीसाठी योग्य अशा वाकत्या जोडाचे पेटंट मिळवले आणि पुढल्याच वर्षी न्यू जर्सीत त्याचे उत्पादन सुरू केले. आज आपल्या रस्त्यावरील ट्रकच्या पोटाखाली जो लांब नळीसारखा प्रोपेलर शाफ्ट दिसतो, त्याचा वंश इथपर्यंत मागे जातो.

१०/ मूळ कल्पना मात्र याहून फार जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो याचे नाव ‘कार्डन शाफ्ट’मध्ये टिकले आहे. इंग्रज वैज्ञानिक रॉबर्ट हूक याने असा जोड १६७६ च्या एका पुस्तिकेत वर्णिला. शिवराज्याभिषेकाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. हूकच्या डोळ्यांसमोर आकाश पाहण्याची उपकरणे होती; ओझ्याची गाडी नव्हे. त्याच पुस्तिकेत त्याने स्प्रिंगचा नियमही अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली: जितका ताण, तितका विस्तार. ट्रकचा जोड आणि ट्रकचे पाटे, दोहोंची जन्मखूण अशी एकाच पुस्तिकेत सापडते.

११/ या जोडाची रचना सोपी आहे. दोन्ही दांड्यांच्या टोकांना चिमट्यासारखे योक आणि त्यांच्या मध्ये अधिकचिन्हाच्या आकाराचा क्रॉस. पण त्यात एक जन्मजात खोड आहे. दोन दांडे एका रेषेत नसतील, तर पहिला दांडा एकसारख्या गतीने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ५ अंश असेल तर गतीतील हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे ०.४ टक्के, १० अंश झाला तर सुमारे १.५ टक्के. कोन दुप्पट, तर खोड जवळजवळ चौपट.

१२/ उपाय असा की खोडीनेच खोड मारायची. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक जोड ठेवायचा, दोन्हीकडील कोन सारखे ठेवायचे आणि शाफ्टवरील दोन्ही योक एकाच पातळीत बसवायचे. मग पहिल्या जोडाने केलेली चूक दुसरा जोड पुसून टाकतो. यासाठी शाफ्ट दोन तुकड्यांत सरकतो तिथे बाणाच्या किंवा रेघेच्या खुणा असतात. शाफ्ट उघडून पुन्हा बसवताना या खुणा जुळवल्या नाहीत, तर दोन्ही चुका एकमेकींत मिळतात आणि नवा क्रॉस टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. ‘काम केल्यावरच सुरू झाले’ अशी तक्रार आली की जाणता मिस्त्री आधी या खुणा पाहतो.

१३/ मग थरथर वेग वाढवतानाच का? दोन कारणे. पहिले असे की जोड कोनात असताना त्यातून जाणारा पीळ शाफ्टला आडवे झटकेही देतो. पीळ जितका जास्त, झटका तितका मोठा. चढावर, खालच्या गिअरमध्ये, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर पीळ सर्वाधिक असतो. पाय उचलला की तो जवळजवळ नाहीसा होतो. समजा शाफ्ट मिनिटाला ६०० फेरे फिरतो आहे. म्हणजे सेकंदाला १० फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात दोन झटके: सेकंदाला २०. आसनाखालून जाणवणारी थरथर बहुधा ही असते.

१४/ दुसरे कारण मागच्या आखात आहे. चाके पुढे रेटा देतात तेव्हा आख उलट दिशेने वळू पाहतो आणि हाउसिंगचे पुढचे तोंड वर उचलले जाते. पाटे त्याला आवरून धरतात. पाटे थकलेले असतील, सेंटर बोल्ट तुटलेला असेल किंवा यू-बोल्ट सैल असतील, तर हे तोंड अधिकच उचलले जाते आणि मागच्या जोडाचा कोन बिघडतो. दोन्हीकडील कोन सारखे राहत नाहीत आणि खोड पुसली जात नाही. जास्त माल भरता यावा म्हणून जादा पाटा घालण्याची पद्धत आहे. त्याने रिकाम्या गाडीचे बूड उचलले जाते आणि कोन तिथेही बदलतो. म्हणून ‘भरलेली थरथरते की रिकामी?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

१५/ लांबीचाही एक इतिहास आहे. फिरता दांडा ठरावीक वेगाला पोहोचला की मध्यभागी धनुष्यासारखा वाकून घुमू लागतो. १८६९ मध्ये रँकिन याने या घटनेचे गणित मांडले आणि त्या वेगापलीकडे दांडा चालवता येणार नाही असा निष्कर्ष काढला. स्वीडनच्या दे लाव्हाल याने १८८९ मध्ये आपल्या टर्बाइनने तो प्रत्यक्ष खोटा ठरवला. १८९४ मध्ये डंकर्ली याने प्रयोगांतून व्यवहारोपयोगी सूत्र दिले. ट्रकसाठी यातला धडा असा की दांडा दुप्पट लांब केला तर हा धोक्याचा वेग चौथाईवर येतो. म्हणून लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये रबरात बसवलेले सेंटर बेअरिंग असते. ते रबर फाटले की थरथरीला वाट मोकळी होते.

१६/ येथवर कारणे झाली. आता निदान. चांगला मिस्त्री गाडी आल्याबरोबर पाना उचलत नाही. तो विचारतो, ‘केव्हा येते?’ इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही रीत ओळखीची वाटेल. वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, त्यांतून आपण शिकलो ते हेच: कागद हाती आला की आधी त्याचा काळ, स्थळ आणि लिहिणारा निश्चित करावा, मग अर्थाकडे जावे. थरथर हाही एक कागद समजा. काळ, म्हणजे ती कोणत्या क्षणी येते. स्थळ, म्हणजे ती कुठे जाणवते. लिहिणारा, म्हणजे ती निर्माण करणारा भाग. पहिल्या दोहोंवाचून तिसरा सापडत नाही.

१७/ पहिली कसोटी उभ्या गाडीची. हातब्रेक ओढून, चाकांना उटी लावून, न्यूट्रलमध्ये इंजिनाचा वेग हळूहळू वाढवायचा. उभ्या गाडीतही थरथर आली तर शाफ्ट निर्दोष. तो फिरतच नाही. मग संशय इंजिनाच्या फाउंडेशन रबरावर, किंवा एखाद्या सिलिंडरला डिझेल नीट न देणाऱ्या नोझलवर. थरथर केवळ क्लच सोडताना, गाडी हलण्याच्या त्या दोन क्षणांतच येत असेल आणि क्लच पूर्ण सुटल्यावर थांबत असेल, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट पाहायची. क्लच सुटल्यावरही जोर दिला की येत असेल, तर पुढे चला.

१८/ दुसरी कसोटी गिअरची आणि सर्वांत बोलकी. सपाट, मोकळ्या रस्त्यावर थरथर ज्या वेगाला येते तो लक्षात ठेवायचा. मग तोच वेग एक गिअर वर किंवा खाली घेऊन साधायचा. गाडीचा वेग तोच, इंजिनाचे फेरे मात्र वेगळे. थरथर तशीच राहिली तर कारण गिअरबॉक्सच्या मागे: शाफ्ट, जोड, हाउसिंग, चाके. थरथर गेली किंवा तिची चाल बदलली तर कारण गिअरबॉक्सच्या पुढे: इंजिन किंवा क्लच. हातात कोणतेही उपकरण नसताना संशयितांची यादी इथे निम्मी होते. ही तपासणी घाटात करू नये. आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

१९/ तिसरी कसोटी पायाची. थरथरणाऱ्या वेगालाच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. थरथर तत्काळ गेली तर ती पिळाशी बांधलेली आहे: जोड, कोन, सेंटर बेअरिंग, पाटे, फाउंडेशन. पाय उचलल्यावरही, वेग उतरेपर्यंत ती टिकली तर ती फेऱ्यांशी बांधलेली आहे: शाफ्टचे वजन एका बाजूला झुकलेले, तोल साधण्यासाठी डकवलेली पट्टी गळून पडलेली, शाफ्टला चिखलाचा थर किंवा ठोकर लागलेली, अथवा चाकाचा तोल गेलेला. स्टिअरिंगमध्ये जाणवते ती बहुधा पुढच्या चाकांची, आसनात आणि फळीत जाणवते ती मागची.

२०/ इथे मराठीचे ऋण मानावे लागेल. आपल्याकडे कंपाला एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाचे यंत्रातील घर वेगळे आहे. थरथर बारीक आणि जलद. ती जोडाच्या कोनाची. हादरा सुटा आणि जड. तो तुटलेल्या फाउंडेशनचा किंवा सैल यू-बोल्टचा. गिअर टाकताना किंवा पाय उचलून पुन्हा दाबताना होणारी ‘टक्’ झिजलेल्या क्रॉसची. वेगासोबत चढत जाणारी घरघर बेअरिंगची. चालकाने यांतला नेमका शब्द वापरला तर मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो. ‘गाडी व्हायब्रेशन मारते’ या सरसकट वाक्यात ही सारी माहिती विरून जाते.

२१/ मग गाडीखाली जायचे, उटी लावलेलीच ठेवून. शाफ्ट हाताने धरून वर-खाली आणि पिळून पाहायचा. जोडात ढिलाई जाणवता कामा नये. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी रंगाची पूड दिसली तर आतले ग्रीस संपून लोखंड लोखंडावर घासते आहे. सेंटर बेअरिंगचे रबर, फ्लँजचे बोल्ट, खुणांची जुळणी, हाउसिंगच्या तोंडाशी पिनियनची ढिलाई, यू-बोल्टची घट्टाई, पाट्यांची सरळ रांग. सारे क्रमाने. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये तर्कशास्त्रावरील ग्रंथात हाच नियम मांडला: दोन प्रसंगांत फरक एकाच बाबतीत असेल, तरच त्या बाबीला कारण म्हणता येते.

२२/ व्यवहारात हा नियम पाळणे सोपे नाही. माल वेळेवर पोहोचवायचा असतो, गाडी उभी राहिली की दिवसाचे भाडे बुडते आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. मग क्रॉस, सेंटर बेअरिंग, क्लच प्लेट सगळे एकदम बदलले जाते. थरथर जाते, दोष कशाचा होता हे कुणालाच कळत नाही. पुढच्या गाडीच्या वेळी मिस्त्रीच्या हाती नवे ज्ञान काहीच उरलेले नसते. एकच गाडी बाळगणाऱ्या मालकाला तर न बिघडलेल्या भागांचाही खर्च सोसावा लागतो. निदानाची शिस्त ही गरिबाच्या पैशाची बचत आहे, म्हणून ती महत्त्वाची.

२३/ आणि जिवाचीही. दुर्लक्षित क्रॉस एक दिवस तुटतो. शाफ्टचे पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले तर धावती गाडी उसळू शकते. घाट चढताना तुटला तर चाकांचा रेटा क्षणात संपतो आणि गाडी मागे येऊ पाहते. उतरताना तुटला तर इंजिनाने मिळणारा आवर नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ज्या गाड्यांत हातब्रेक गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवरच बसवलेला असतो, तिथे तो हातब्रेकही त्याच क्षणी निकामी होतो. वाशिंदच्या कारखान्यातून पत्र्याची जड गुंडाळी घेऊन निघालेल्या गाडीची थरथर म्हणून घाटाआधीच, सपाटीवर वाचली गेली पाहिजे.

२४/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याची तक्रार. या रस्त्याविषयी कागद भरपूर आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात घाट, रस्ते आणि व्यापार यांची सविस्तर माहिती आहे. रेल्वेचे टप्पे तारखांसह नोंदले आहेत. समित्यांचे अहवाल छापलेले आहेत. पण पडघा, वाशिंद, आसनगाव, खर्डी, कसारा या पट्ट्यात ज्यांनी चालत्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांचे ज्ञान या कागदांत येत नाही. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताने आणि कानाने गेले. हूकची पुस्तिका साडेतीनशे वर्षे टिकली; त्याच्या जोडाची खोड रोज दुरुस्त करणाऱ्यांची साधी यादीही आपल्यापाशी नाही.

२५/ हे आजच सांगण्याचे कारण आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सुमारे ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने तो सह्याद्रीच्या पोटातून जातो. जी वाहतूक तिकडे वळेल, ती जुन्या रस्त्याकडेच्या टपऱ्या आणि गॅरेजांसमोरून जाणार नाही. बैलाची पाठ, गाडीवाट, रूळ, महामार्ग या क्रमात आता बोगदाही आला. नव्या वाटेबरोबर जुन्या वाटेवरील कसब विस्कटते, हे १८६५ मध्ये रेल्वे घाट चढली तेव्हा गाडीवानांच्या वाट्याला आलेच असणार. त्यांचे म्हणणे तेव्हा कुणी टिपून ठेवले असते, तर आज आपण ते वाचले असते.

२६/ म्हणून एक विनंती. शहापूर, मुरबाड, भिवंडी, इगतपुरी या भागात कुणाच्या घरी ट्रकव्यवसाय किंवा गॅरेज होते वा आहे, त्यांनी जुनी बिले, जॉबकार्डे, सुट्या भागांच्या वह्या रद्दीत घालू नयेत. वृद्ध मिस्त्रींना तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावीत: कोणत्या गाडीवर काम शिकलात? कोणाकडून शिकलात? आणि गाडी थरथरते म्हणून आली की पहिला प्रश्न कोणता विचारता? तिसऱ्याचे उत्तर बहुतेकांकडून ‘केव्हा येते?’ असेच मिळेल, असा माझा अंदाज आहे. वेगळे मिळाले तर ते अधिक मोलाचे. खाली अवश्य लिहा. (समाप्त)